कपांभोवतीची ‘खरखर’

आमच्या मामानं ‘खरखर’चे सगळे जुने अंक गच्चीवर नेऊन जाळले, अशी बातमी आमच्या गल्लीत पक्की आहे. सांगणारे नुसतं सांगत नाहीत, तिखटमीठ लावून सांगतात. धूर बघून शेजारच्या काकू वाळत घातलेले कपडे काढायला धावल्या म्हणे, आणि मामा जाळाभोवती फिरत मोठमोठ्यानं गात होता म्हणे. बातमी खोटी पडते ती इथेच. मामा आणि गाणार? जन्मभर संगीतावर लिहिलेल्या या माणसाचा स्वतःचा सूर म्हणजे फरशीवरून ओढलेलं लोखंडी कपाट. तो खरंच गायला असता तर काकू कपडे तिथेच टाकून पळाल्या असत्या.

खरं ते असं. अंक जळलेले नाहीत. ते बाबांच्या कपबशांच्या दुकानात आहेत आणि मामाही तिथेच आहे. काउंटरमागे उभा राहून तो आपल्याच मासिकाचं एकेक पान फाडतो, कपाभोवती गुंडाळतो, टोकं आत खुपसतो आणि गिऱ्हाइकाला विचारतो, “खोकं देऊ की पिशवी चालेल?”

“त्यापेक्षा जाळले असते तर बरं झालं असतं,” आई म्हणते. “एकदाच काय ते रडून मोकळे झालो असतो. हे म्हणजे रोज थोडं थोडं.”

‘खरखर’ कोणाला आठवत नसेल तर सांगते. जी गाणी रेडिओवर लागत नाहीत, लग्नात वाजत नाहीत आणि आईच्या मते वाजूही नयेत, त्या गाण्यांचं ते मासिक. बंद पडलेल्या गोदामात, कुणाच्या गॅरेजात, इमारतीच्या तळघरात पोरंपोरी जमून जे काही वाजवायची त्याबद्दल लिहिणारं तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. नाव मामाचंच. कॅसेट लावली की गाणं सुरू व्हायच्या आधी जो बारीक आवाज येतो, तो. “तो आवाज पुसायचा नसतो,” मामा सांगायचा. “त्याच्यावरून कळतं की त्या खोलीत माणसं होती.” असं काही बोलायचं असलं की मामा आधी घसा साफ करतो, दोनदा. पहिल्यांदा स्वतःसाठी, दुसऱ्यांदा समोरच्याला सावध करायला. मग “हं, तर…” म्हणतो, आणि ‘तर’वर इतका वेळ थांबतो की तेवढ्यात माणूस चहा पिऊन यावा. या ‘हं, तर’वर मी घरात खूप टाळ्या मिळवल्या आहेत. सगळ्यात जोरात मामाच हसायचा. “अरे, हुबेहूब! आता संपादकीय पण तूच लिही.”

मासिक सुरू झालं तेव्हा मामा एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता. दिवसभर लोकांच्या गुणपत्रिका आणि भाडेकरार काढायचे, आणि दुपारी मालक जेवायला घरी गेला की ‘खरखर’ काढायची. पहिला अंक म्हणजे दोन कागद, मध्ये एक पिन. मालकाला जेवणानंतर झोपायची सवय लागली, तशी अंकाची पानं वाढत गेली. मामाबरोबर दोघं होती. एक ढम्या, दिवसा टायर बदलायचा आणि संध्याकाळी ड्रम बडवायचा. दुसरी कात्री. ती लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये होती. पानांची मांडणी, चित्रं कापणं, चिकटवणं सगळं तिचं. कात्रीमावशी वाक्यंसुद्धा कापून बोलते. “चहा. साखर कमी. बस.” झालं तिचं भाषण.

आता त्यांच्या नियमाबद्दल, कारण ‘खरखर’ त्याच नियमामुळे वर आली आणि त्याच नियमामुळे खाली.

पहिल्याच अंकात मामानं ढम्याच्या बँडबद्दल लिहिलं होतं की, यांचा ड्रमवाला गादी झोडपल्यासारखा वाजवतो. अंक वाचून ढम्या तसाच, हाताला ग्रीस, झेरॉक्सच्या दुकानात घुसला. “पाठीमागे काय लिहितोस? हिंमत असेल तर तोंडावर बोल!” मामा म्हणाला, “बस.” वरच्या फळीवरचे कागद काढायला एक स्टूल असायचं, त्याच्यावर ढम्याला बसवलं आणि स्वतः उभं राहून, घसा दोनदा साफ करून, सगळा लेख वाचून दाखवला. ढम्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, “गादी झोडपल्याशिवाय धूळ निघत नाही, हे पण लिही.” कात्री पहिल्यांदाच मोठ्यानं हसली आणि म्हणाली, “हे छाप.”

झालं. दगडावरची रेघ. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला स्टुलावर बसवायचं, लेख तोंडावर वाचायचा, तो जे काही म्हणेल ते लेखाखाली बारीक अक्षरात जसंच्या तसं छापायचं. तोंडावर वाचल्याशिवाय एक ओळ छापायची नाही.

लोक मासिक घ्यायला लागले ते त्या बारीक अक्षरांसाठी. एक काडीपैलवान गिटारवाला स्टुलावर बसून तावातावानं म्हणाला होता, “आम्ही मुद्दामच बेसूर वाजवलं!” मामा म्हणाला, “मग मीही मुद्दामच वाईट लिहिलंय.” दोन्ही छापलं. एका गायकाबरोबर त्याची आई आली होती. तिनं लेख ऐकला आणि मामाचा हात धरून म्हणाली, “अहो, जरा चांगलं म्हणा हो त्याला. नाहीतर घरी जेवत नाही तो.” हेसुद्धा छापलं, खाली सही: ‘आई’. आणि एक मुलगी होती, बेस वाजवणारी. तिनं लेख ऐकला, पिशवीतून गिटार काढलं आणि तेच गाणं तिथल्या तिथे पुन्हा वाजवलं. मामानं हातातला लेख फाडला. त्या अंकात तिच्या बँडच्या नावाखाली एवढंच आहे: ‘तिनं उत्तर दिलं नाही, वाजवलं. आम्ही चुकलो होतो.’

मग खोकला आला. हे त्याचं नाव नाही, आता सगळे त्याला वेगळ्या नावानं ओळखतात, पण आमच्या घरात तो खोकलाच. पाण्याचे पंप दुरुस्त करणारा पोरगा. रिकाम्या केलेल्या पोहण्याच्या तलावात, तळाशी उभा राहून, दहा-बारा मित्रांसमोर गात होता. मामानं लिहिलं, ‘हा मुलगा गात नाही, खोकतो. पण असा खोकतो की दुखतं ऐकणाऱ्याच्या छातीत.’ स्टुलावर बसून त्यानं ते ऐकलं आणि म्हणाला, “परत वाचा ना.” मामानं परत वाचलं. तो म्हणाला, “अजून एकदा.” मग खाली मान घालून म्हणाला, “माझ्याबद्दल आजवर कुणी काही लिहिलं नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर सोडून.”

लोकांनी त्या अंकाच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स काढल्या. शेवटच्या प्रतीत तर खोकल्याचं तोंड आहे की पंपाचं, ते कळायचं नाही. पुढच्या वर्षात ‘खरखर’ खऱ्या प्रेसवर छापली जाऊ लागली, रंगीत मुखपृष्ठ आलं, गावोगावच्या स्टॉलवर दोरीला लटकू लागली. मामानं नोकरी सोडली, झेरॉक्सच्या दुकानाच्या वरची खोली भाड्यानं घेतली आणि स्टूल तेवढं मालकाकडून मागून नेलं. पत्रांच्या पिशव्या यायच्या. मी तेव्हा एवढीशी होते. त्या पिशव्यांवर झोपायचे, असं आई सांगते. बाबासुद्धा बदलले होते. आधी ते म्हणायचे, “तुझा भाऊ घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतो.” आता गिऱ्हाइकाला चहाचा सेट दाखवता दाखवता छाती काढून सांगायचे, “आमचा मेहुणा. संपादक आहे.” ‘संपादक’ म्हणताना बाबांची मान आपोआप मागे जाते आणि हनुवटी दोन होतात. हे मी करून दाखवलं की आई पदर तोंडाला लावते.

नव्याचे नऊ दिवस संपले कधी, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. गाणी फोनवर आली, फुकट. मतंही फोनवर आली, तीही फुकट. ज्याला त्याला वाटायला लागलं की आपणच संपादक. उचलली जीभ लावली टाळ्याला. पत्रांच्या पिशव्यांची आधी पाकिटं झाली, मग तीही थांबली. पण मामाला खरा घोर होता तो स्टुलाचा. स्टुलावर कुणी बसेना. बँडवाले निरोप पाठवायचे, “मॅनेजर येईल.”

“मॅनेजरच्या तोंडावर कशाला वाचू?” मामा म्हणायचा. “त्यानं काय वाजवलंय?”

“फोनवर वाच,” कात्री म्हणायची.

“फोनवर माणूस ऐकतो की भाजी निवडतो, मला कसं कळणार?”

“छापायला पानं हवीत.”

“मग कमी पानं छाप.”

तशी पानं कमी झाली. एकदा अंक हातात घेऊन बाबा म्हणाले, “मासिक आहे की कुणाची लग्नपत्रिका? बाकी, तारीख-वेळ कुठे दिसत नाही.” मामा हसला नाही. मामा हसला नाही अशी ती पहिली वेळ.

आणि मग खोकल्याची नवी रेकॉर्ड आली. चौकाचौकात त्याचे फोटो लागले होते. एका स्पीकरच्या कंपनीनं ‘खरखर’ला सांगितलं, खोकला मुखपृष्ठावर असेल तर मागचं पान आमचं. बऱ्याच दिवसांनी अंकाला बाळसं येणार होतं. मामा खोलीचं दार लावून रेकॉर्ड ऐकत बसला. आई डबा घेऊन गेली तर म्हणायचा, “थांब ताई, अजून सापडत नाहीये.” काय सापडत नव्हतं ते त्याच्या लेखात आहे. जन्मातला सगळ्यात लांब लेख त्यानं लिहिला, पानंच्या पानं, आणि त्यातलं म्हणणं एवढंच: ज्या खरखरीसाठी आपण याच्याकडे कान लावला होता, ती यानं घासूनपुसून टाकली. आता हा छान गातो. छान गाणारे पुष्कळ आहेत.

लेख तयार, पानं तयार, प्रेस तयार. खोकला स्टुलावर यायला तयार नाही. त्याला वेळच नव्हता. मामा निरोपावर निरोप धाडत राहिला. अंकाची तारीख टळली, मग पुढच्या अंकाचीही टळली.

तो दिवस कात्रीमावशीनं मला स्वतः सांगितलाय, आणि तिच्या मानानं फारच लांब सांगितलाय.

“छाप,” ती म्हणाली होती. “नियम तुझा आहे. तू मोडू शकतोस.”

“माझा आहे म्हणूनच नाही मोडता येत.”

“मासिक मरेल.”

“मरू दे. पण पाठीमागून नाही लिहिणार.”

“मग त्या पानांवर काय टाकू?”

“काही नाही.”

तिनं काही नाही टाकलं. मांडणी तशीच ठेवली, लेखाची जागा तशीच ठेवली, मजकूर काढून घेतला. सगळी पानं कोरी, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, जिथे उत्तर यायचं तिथे, बारीक अक्षरात: ‘वाचून दाखवायचं राहिलं.’ मग हातातली कात्री पाकिटात घालून तिनं टेबलावर ठेवली आणि ती निघून गेली. भांडण नाही, काही नाही. ती आता औषधांच्या खोक्यांची मांडणी करते.

लोकांना वाटलं, छपाईत चूक झालीय. स्टॉलवाल्यांनी गठ्ठे परत पाठवले. जो परत पाठवेल त्याला मामा फोन करायचा, घसा दोनदा साफ करायचा, “हं, तर… ती चूक नाही. ती पानं मुद्दाम कोरी ठेवली आहेत. आमचा एक नियम आहे…” पलीकडून फोन ठेवला गेला तरी मामा बोलत राहायचा. स्पीकरवाल्यांनी फोनसुद्धा केला नाही.

शेवटी मामाच खोकल्याकडे गेला. दुपारची वेळ होती, मोठ्या सभागृहात संध्याकाळच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. ढम्याकाका त्याच्याबरोबर होता. पोटाशी धरून मामानं स्टूल नेलं होतं. दारावरच्या माणसाला वाटलं, सामानवाले आहेत, म्हणून तर आत सोडलं. खोकला उठून उभा राहिला, वाकून नमस्कार केला, चहा मागवला. वागणुकीत बोट ठेवायला जागा नाही. पण स्टुलावर काही बसला नाही, सोफ्यावर बसला. ढम्याकाका म्हणतो, त्या सोफ्यात माणूस असा बुडतो की त्याच्या तोंडावर काही वाचायचं तर खाली वाकावं लागतं. मामा उभा राहिला, थोडा वाकला, आणि सगळा लेख वाचला.

खोकल्यानं तो शेवटपर्यंत ऐकला. संपल्यावर पाणी प्याला. आणि अगदी मनापासून, लहान पोरगं विचारतं तसं, म्हणाला, “अजूनही काय छान लिहिता हो तुम्ही! पण सर, आता हे वाचतं कोण?”

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मामानं परतवला असता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

नियमाप्रमाणे उत्तर लिहून घ्यावं लागतं. मामानं लिहून घेतलं. होतं नव्हतं ते घालून आणखी एक अंक काढला. त्यात तो लेख, आणि खाली बारीक अक्षरात: ‘वाचतं कोण?’ त्याच्या खाली मामानं आपल्याकडून एक शब्द जोडला, ‘कळवा.’ आणि वाट बघितली. उत्तर म्हणून एकच पाकीट आलं. त्यात ‘खरखर’चा तोच अंक होता, पत्त्यावर माणूस राहत नाही म्हणून परत आलेला.

खोली सोडली. मामा आमच्याकडे राहायला आला, गठ्ठे त्याच्या आधी आले. पलंगाखाली अंक, दारामागे अंक, जिन्याखाली अंक. पाहुणे आले की आम्ही त्यांना अंकांवर बसवायचो. त्यात दुकानात वेगळीच अडचण उभी राहिली. कप बांधायला बाबा रद्दी घ्यायचे, आणि रद्दी मिळेना. वर्तमानपत्रंच कुणी घेत नाही तर रद्दी येणार कुठून?

जेवताना बाबा म्हणाले, “घरात एवढा कागद पडलाय आणि मी गावभर कागद शोधतोय.”

“खबरदार!” आई म्हणाली. “तो कागद नाहीये.”

“मग काय आहे? वाचतंय का कुणी?”

घरात पहिल्यांदाच ते वाक्य बाबांच्या तोंडून आलं, आणि बाबांना बिचाऱ्यांना माहीतसुद्धा नव्हतं ते कुणाचं आहे. आई काहीतरी जळजळीत बोलणार होती. तेवढ्यात मामा ताटावरून उठला, हात धुतले, दारामागचा एक गठ्ठा उचलून खांद्यावर घेतला. “असू दे ताई,” तो म्हणाला. “कागदच आहे.”

दुसऱ्या दिवसापासून तो दुकानात. बांधतो मात्र छान. कप कानाकडून धरायचा, पान तिरपं ठेवायचं, दोन वळसे, टोक आत. कोऱ्या पानांचा अंक बाबांना फारच आवडला, कारण कोऱ्या पानाची शाई कपाला लागत नाही. पांढऱ्याशुभ्र सेटांसाठी ती पानं त्यांनी वेगळी काढून ठेवली. “संपादक,” हनुवटी दोन करून ते म्हणाले, “तुमच्या एवढ्या लिखाणात हेच काय ते कामाचं निघालं.” मामा म्हणाला, “हो भाऊजी.” नुसतं ‘हो भाऊजी’. या उत्तराची नक्कल कशी करतात ते मला आजही जमलेलं नाही.

शाळा सुटली की मी दुकानात जाते. एकदा बघितलं, गिटारवाल्याचा अर्धा लेख एका बाईंच्या बरणीभोवती गेला, उरलेला अर्धा मामाच्या हातात राहिला.

“मामा, पुढचं पान इथेच राहिलं. त्या मागायला येतील.”

“कोणी येणार नाही.”

“येतील. ‘आम्ही मुद्दामच बेसूर वाजवलं’ इथे पान संपतं. त्यावर तुझं उत्तर काय, ते कळल्याशिवाय झोप येईल का कुणाला?”

“लोकांना छान झोप लागते.”

“लाव पैज.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. “काय लावतेस?”

“सगळे गठ्ठे संपायच्या आत एक माणूस, एकच, राहिलेलं मागायला आला, तर तू नवा अंक काढायचास. दोन कागद, एक पिन. मी झेरॉक्स काढीन.”

मामा बराच वेळ कपाचा कान पुसत राहिला. “आणि कुणी नाही आला, तर तू माझा आवाज काढणं बंद करायचंस. कायमचं.”

“असं काय रे? तुलाच तर आवडतं.”

“आवडायचं. घरात दोन दोन मी कशाला? एकच जड होतोय.”

मी हात पुढे केला. त्यानं हात मिळवला. माझी खात्री होती म्हणून मी हात पुढे केला, नाहीतर नसता केला.

त्यानंतर मी पानं निवडून बांधायला द्यायला लागले. जिथे गोष्ट ऐन रंगात येऊन तुटते तेवढीच. ढम्याची गादी, पण धूळ नाही. गायकाची आई दारात उभी, पण तिचं वाक्य पुढच्या पानावर. पुढची पानं मी काउंटरखालच्या खणात ठेवत गेले. कुणी आलं की द्यायला हाताशी असावीत. खण भरत गेला. एकदा एक काका दुकानातच पान उलगडून वाचायला लागले. मी खणाकडे हात नेला. त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या, चष्मा वर केला आणि विचारलं, “यात सहाच कप आहेत ना?” एकदा ढम्याकाका टोपी डोळ्यांवर ओढून, आवाज जाड करून आला. “अहो दुकानदार, मला त्या ड्रमवाल्याच्या लेखाचं पुढचं पान पाहिजे.” मामानं वर न बघता सांगितलं, “ढम्या, ग्रीस पूस आधी.” आई तर शेजारच्या काकूंना पाठवणार होती, मामाच म्हणाला, “ताई, काकूंना बिचाऱ्यांना कशाला? त्यांना अजून वाटतंय मी अंक जाळलेत.”

गठ्ठे उतरत गेले. दारामागची भिंत दिसायला लागली, मग जिन्याखालची. शेवटचा गठ्ठा सुटला, तोही अर्धा झाला, आणि ती आली. महिन्यापूर्वी चहाचा सेट नेलेली बाई, दवाखान्यात नर्स असावी, पायात पांढरे बूट. तिच्या हातात ‘खरखर’चं पान होतं. चुरगळलेलं नाही, नीट सपाट केलेलं, घडी घातलेलं. मला लांबूनच ओळखू आलं: खोकल्याचा पहिला लेख, रिकामा तलाव, ‘हा मुलगा गात नाही, खोकतो’ आणि पान संपलं.

मी खण उघडला. पुढचं पान सगळ्यात वर होतं. मामा ताठ उभा राहिला. इतक्या महिन्यांत मी त्याला ताठ उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. आणि त्यानं घसा साफ केला, दोनदा.

“हे तुमच्याकडचंच ना?” बाईंनी पान काउंटरवर ठेवलं.

“हो,” मामा म्हणाला. “हं, तर…”

“याची शाई निघते हो. सगळ्या कपांना लागलीय, घासून घासून हात दुखले. दाखवायला मुद्दाम जपून ठेवलं. अजून चार कप हवेत, पण कोऱ्या कागदात द्या.”

मामानं “हं, तर” तिथेच सोडून दिलं. वाकून कोरी पानं काढली, शेवटची राहिली होती ती. दोन वळसे, टोक आत. चौथ्या कपाला नेमकं तळाशी ओळ असलेलं पान आलं. बाईंचं लक्ष गेलं. त्यांनी कप डोळ्यांजवळ नेला आणि वाचलं, “‘वाचून दाखवायचं राहिलं.’ अय्या, हे काय? काय राहिलं?”

माझ्या हातात पान होतं. माझ्या तोंडात शब्द होते, मामाच्या आवाजातले, जसेच्या तसे: ती चूक नाही, ती पानं मुद्दाम कोरी ठेवली आहेत, आमचा एक नियम आहे. मी मामाकडे बघितलं.

“काही नाही,” मामा म्हणाला. “छापताना चुकलं असेल. खोकं देऊ की पिशवी चालेल?”

बाई पिशवी घेऊन गेल्या. मी म्हणू शकले असते की विचारलं ना तिनं, ‘काय राहिलं’ म्हणून विचारलं, मागितल्यासारखंच झालं, मी जिंकले. वाद घालण्यात मी कुणाला हार जात नाही. पण ज्याच्याकडे मागायचं, तोच ‘काही नाही’ म्हणाला, तर पुढे काय बोलणार?

“हरलीस,” मामा म्हणाला.

“हरले,” मी म्हणाले, माझ्याच आवाजात.

“त्या खणातली पानं काढ. बशांना लागतील.”

मी काढून दिली. बाबा आजही जेवताना मध्येच म्हणतात, “संपादकांचं ते ‘हं, तर’ करून दाखव की गं.” मी मान हलवते. पैज म्हणजे पैज. घरात आता मामाचा आवाज फक्त मामा काढतो, आणि तो फारच कमी काढतो.